पोरीला कडक शाळा पाहिजे

वैरागात मुलाला शाळेत घालायचं असलं की बाप आधारकार्डाची झेरॉक्स घेऊन निघतो आणि जेवायच्या वेळेला घालून परत येतो. मुलीला घालायचं असलं की बैठक बसते. बैठकीला घरचे असतात, भावकी असते, आणि शाळेशी, मुलीशी किंवा आमच्याशीही काही देणंघेणं नाही असा एखादा माणूस स्टँडवरून सोबत आलेला असतो. शेवटचा शब्द बहुधा त्याचाच असतो.

आमच्याकडची बैठक पाचवीच्या प्रवेशावरून बसली. लेक चौथीपर्यंत गावातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकली. पुढं तिला बार्शीला घालावं, सोलापूरला सेवासदनात घालावं, की पुण्याला आत्याकडं ठेवून सिस्टर लोकांच्या, फक्त मुलींच्या शाळेत घालावं, असे तीन पर्याय होते. आत्या हडपसरला असते. सोलापूर रस्त्यानं पुण्यात शिरताना आधी हडपसर लागतं आणि आमच्या भागातली बरीचशी माणसं तिथंच दमून उतरलेली आहेत.

एका मामांनी पाचगणीचं सेंट जोसेफ्स कॉन्व्हेंट सुचवलं. १८९५ सालची शाळा, बेल्जियमच्या लीएज गावात १८३३ मध्ये निघालेल्या ‘डॉटर्स ऑफ द क्रॉस’ या संघाच्या सिस्टरांनी काढलेली, मुलींना राहायची सोय. आईनं विचारलं, “तितं थंडी किती असती?” मामांनी आकडा सांगितला आणि पाचगणी तिथल्या तिथं रद्द झाली. एवढ्याशा लेकराला डोंगरावर नेऊन ठेवायला ती काय टोमॅटो आहे का, असं आईचं म्हणणं पडलं.

मग चौकशी राहिली ती पुण्याच्या शाळेची. आत्याला फोन लावला, स्पीकरवर टाकला. ती म्हणाली, “दादा, शाळा लई कडक आहे.”

बैठकीत समाधानाची लहर पसरली. कडक भाकरी आणि कडक मास्तर या दोन्हींवर आमच्या जिल्ह्याची श्रद्धा आहे. थोरले बंधू, म्हणजे दादा, सरसावून बसले. आत्या नियम सांगत गेली. स्कर्ट गुडघ्याच्या खाली. दोन वेण्या, पांढऱ्या रिबिनी. मेंदी नाही, नखांना रंग नाही, बांगड्या नाहीत. मोबाईल दिसला तर जप्त. वाढदिवसाला वर्गात एकेक चॉकलेट, त्यापलीकडं काही नाही. फाटक आठला बंद, मग ते पालकासाठीही उघडत नाही. आवारात पुरुषमाणूस एकच, तो वॉचमन, आणि तोही म्हातारा. प्रत्येक नियमाला दादांची मान खाली-वर होत होती. पोरीसाठी मनात जी जी बंधनं होती आणि बायकोपुढं बोलायचं धाडस होत नव्हतं, ती सगळी कुणीतरी इंग्रजीत छापून, वर शिक्का मारून ठेवली होती.

मग आत्या म्हणाली, “आणि सकाळी प्रार्थना असती. येशूची.”

पंखा तेवढा बोलत राहिला.

शाळा जुन्या वळणाची असावी, याबद्दल आमच्या घरात मतभेद नव्हता. दुसरीकडं कुठं आईबापांना काळजी पडत असेल, की शाळा फार सोवळी तर नाही ना, लेक मागासलेली तर राहणार नाही ना. आम्हाला सोवळं हवंच होतं. फक्त ते आपलं असावं, एवढा आग्रह होता. “बाटवतील,” दादा म्हणाले. “हळूहळू. कळणार बी न्हाई.”

बैठकीला निवृत्त गुरुजी होते. निवृत्त गुरुजी नसतील तर वैरागातल्या बैठकीला कोरम होत नाही. गुरुजी म्हणाले, ही भीती काही तुम्ही पहिल्यांदा शोधून काढलेली नाही. पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये मुंबईत मुली-विधवांसाठी शारदा सदन काढलं, पुढच्या वर्षी ते पुण्याला आणलं. मुलींचा कल ख्रिस्ती धर्माकडं झुकतोय म्हणून १८९३ मध्ये असा गदारोळ झाला, की न्यायमूर्ती रानडे आणि भांडारकरांसारखी मंडळीही सल्लागार मंडळातून बाहेर पडली आणि लोकांनी भराभर आपल्या मुली काढून नेल्या.

“बघा!” दादा म्हणाले.

“पुरतं ऐका,” गुरुजी म्हणाले. सावित्रीबाई फुल्यांनी मास्तरकीचे धडे कुणाकडं गिरवले? नगरला, मिशनच्या फरारबाईंकडं. त्या जोरावर पुण्यात १८४८ पासून मुलींच्या शाळा चालल्या आणि तुमच्या-आमच्या आया-बहिणी अक्षराला लागल्या. फरारबाईंच्या शिकवणीनं सावित्रीबाई काही ख्रिस्ती झाल्या नाहीत. त्यांना घराबाहेर काढलं ते मिशनऱ्यांनी नव्हे, सासऱ्यांनी. बरं, आपल्याच माणसांनी पुढाकार घेतलेली हुजूरपागा ही मुलींची शाळा १८८४ मध्ये निघाली, तेव्हा तरी सगळे खूश होते का? मुलींना एवढं इंग्रजी कशाला, म्हणून टिळकांच्या वर्तमानपत्रांनी झोडपलंच. मुलगी शाळेत निघाली की कुणीतरी आडवं येतं. त्याला धर्माचं निमित्त मिळालं तर बरं, नाही मिळालं तरी त्याचं अडत नाही.

एवढं सांगून गुरुजींनी प्रामाणिकपणे पुस्ती जोडली, की फरारबाई प्रोटेस्टंट होत्या, या पुण्याच्या सिस्टर कॅथलिक. दोन्ही वेगळे.

“म्हणजे त्यांच्यातबी भावकी हाय व्हय!” दादांना एकदम आपलेपणा वाटला.

बार्शीला वकिली करणाऱ्या चुलतभावानं कायद्याची बाजू मांडली. राज्यघटनेच्या कलम ३० प्रमाणं अल्पसंख्याकांना आपल्या शाळा काढायचा आणि चालवायचा हक्क आहे. पण कलम २८ मध्ये असंही आहे, की सरकारमान्य किंवा अनुदानित शाळेत कुणालाही धार्मिक शिक्षणाची किंवा उपासनेची सक्ती करता येत नाही. मूल अज्ञान असेल तर पालकाची संमती लागते. शिवाय कॅथलिक बिशपांच्या परिषदेनंच २०२४ मध्ये आपल्या शाळांना सूचना काढल्या, की इतर धर्मांच्या मुलांवर आपल्या चालीरीती लादू नका, रोज संविधानाची उद्देशिका म्हणून घ्या, सर्वधर्मीय प्रार्थनेसाठी एक खोली ठेवा.

“संमती बापाची लागते,” वकील म्हणाला. सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. घरात कशाला तरी माझी संमती लागते, हे ऐकून मलाही बरं वाटलं.

आईनं मात्र घटनेला हात घातला नाही. तिच्या गळ्यात तुळशीची माळ आहे, पंढरपूर याच जिल्ह्यातलं, त्यामुळं देवधर्माच्या कामात ती थेट चौकशी करते. तिनं फोन जवळ ओढला आणि आत्याची उलटतपासणी सुरू केली. त्या बायका उपास करतात का? आत्या म्हणाली, करतात, ईस्टरच्या आधी चाळीस दिवस. त्यात शुक्रवारी मटण बंद. सुरुवात कशानं होती? राखेचा बुधवार असतो, कपाळाला राख लावतात. माळ असती का? असते, ५९ मण्यांची. आई थोडी नाराज झाली, आपली १०८ ची. पण दोनदा ओढली की जवळपास तेवढीच होते, असा हिशेब तिनं मनातल्या मनात केलेला तिच्या बोटांवर दिसला. लग्न? करत नाहीत. दागिने? नाही. पहाटे उठतात? पाचच्या आत.

“मग त्या कर्मठच की गं,” आई म्हणाली. या एका शब्दात तिनं त्या शाळेला पंढरपूरच्या हद्दीत आणून बसवलं. “राख लावत्यात, उपास धरत्यात, माळ ओढत्यात. आपली सून एकादशीला भगर खाऊन चार वाजता चिवड्याचा डबा उघडती. पोरगी तितं राहिली तर बिघडायची न्हाई.”

ठरलं, जाऊन पाहायचं.

पुण्याला आम्ही गेलो ते वरातीसारखे. मी, ही, लेक, आई आणि प्रवक्ते म्हणून दादा. शाळेचं नाव सांगत नाही, पुण्यात अशा चार-दोन आहेत. त्यातली एक समजा. फाटकावर वॉचमननं वहीत नाव लिहायला लावलं, वेळ लिहायला लावली, आणि दादांनी ‘कामाचे स्वरूप’ या रकान्यात ‘खाजगी’ लिहिलं ते खोडून पुन्हा लिहायला लावलं.

आतल्या खोलीत लाकडी बाक, भिंतीवर क्रूस, त्याखाली संविधानाची उद्देशिका आणि तिच्याही खाली वेळापत्रक. फरशी इतकी लख्ख होती, की आईनं चपला दाराबाहेर काढल्या. तिचं पाहून आम्हीही काढल्या. दादांच्या एका मोज्याला अंगठ्याशी भोक होतं, त्यामुळं प्रवक्त्यांचा अर्धा आवाज तिथंच गेला.

मुख्याध्यापिका सिस्टर आल्या. साठीच्या असाव्यात. बारीक, ताठ, कमरेला किल्ल्यांचा जुडगा, चष्म्याला दोरी. बसल्या, आमच्याकडं क्रमानं पाहिलं, आणि दादांवर थांबल्या.

“तुमच्या तोंडात काय आहे?”

मराठीत. स्वच्छ, वसईच्या वळणाची मराठी. दादा गावचे माजी पंच. त्यांना तोंडात काय आहे हे विचारायची हिंमत वहिनींना नाही, डॉक्टरांना नाही, पोलिसांनाही झाली नव्हती. दादांनी एकदा खिडकीकडं पाहिलं. खिडकीला जाळी होती. मग त्यांनी ते गिळलं.

“काही नाही,” डोळ्यांत पाणी आणून दादा म्हणाले.

“छान,” सिस्टर म्हणाल्या आणि वही उघडली.

पुढचा अर्धा तास प्रवक्ते उचक्या देत बसले. सिस्टरनी लेकीशीच बोलायला सुरुवात केली, तेही मराठीतच. काय वाचतेस? कुठलं गणित अडतं? पोहायला येतं का? लेक म्हणाली, विहिरीत येतं. सिस्टरनी ते लिहून घेतलं. मी भिंतीकडं बोट करून विचारलं, की तिथं ‘आवारात इंग्रजीतच बोला’ अशी पाटी आहे, आणि तुम्ही तर मराठीत बोलताय. सिस्टर म्हणाल्या, “पाटी मुलींसाठी आहे. मी इथून कधीच पास झालेय.”

हे उत्तर मजेशीर होतं, पण मला पटलं नाही. अजूनही पटलेलं नाही. गोव्यात १६१६ साली फादर स्टीफन्स नावाच्या इंग्रज जेझुइटानं ख्रिस्ताची कथा सांगायला ओवी निवडली आणि दहा हजारांवर ओव्यांचं ‘ख्रिस्तपुराण’ मराठीत रचलं. आमच्या शेजारी, तेव्हाच्या उस्मानाबादला, जानेवारी २०२० मध्ये साहित्य संमेलन झालं. त्याचे अध्यक्ष वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो, बायबल मराठीत आणून साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळवलेले धर्मगुरू. चारशे वर्षं ज्यांच्या धर्मगुरूंनी मराठीला डोक्यावर घेतलं, त्यांच्याच शाळेच्या मैदानावर आमच्या पोरीनं ‘आई गं’ म्हणून पडायचं नाही? पण खरं बोलायचं तर ती पाटी सिस्टरनी लावली ती आमच्यासारख्यांच्या मागणीवरून. प्रार्थना येशूची की कुणाची यावर आम्ही दोन तास बैठक घेतली. मराठी जाणार, यावर दोन मिनिटंही कुणी बोललं नव्हतं. ती जावी म्हणूनच तर आम्ही पैसे भरायला आलो होतो.

शेवटी सिस्टर लेकीला म्हणाल्या, “तुला काही विचारायचं आहे?”

लेकीनं विचारलं, “तुम्हाला कोण रागावतं?”

हिनं तिला कोपरानं ढोसलं. सिस्टर पहिल्यांदा हसल्या. म्हणाल्या, “माझ्यावर प्रांताच्या मोठ्या सिस्टर आहेत, त्या रागावतात. त्यांना रोमला बसलेल्या त्याहून मोठ्या रागावतात.”

“आणि त्यांना?”

“त्यांचं त्या देवाशी बघून घेतात.”

परतीच्या एसटीत कुर्डुवाडी येईपर्यंत आई गप्प होती. मग म्हणाली, “म्हंजे तितंबी सासूच्या वर सासू हाईच.” हिनं तिला सांगितलं, की सिस्टर होताना तीन व्रतं घ्यावी लागतात. गरिबी, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन. आईनं जरा विचार केला. म्हणाली, “गरिबी तर आमी शपथ न घेता पाळली. आज्ञापालन सासू असंपर्यंत केलं. मधलं तेवढं राहिलं गं. न्हाईतर मीबी आज हेडमास्तरीण असते.” कंडक्टरनं तिकिटाचं मशीन बाजूला धरून मनसोक्त हसून घेतलं.

दुसरी बैठक बसली तेव्हा वारं फिरलेलं होतं. दादा विरोधात. कारण विचारलं तर आधी म्हणाले अंतर लांब. मग म्हणाले फी. गुरुजींनीही त्यांना जोड दिली, की बार्शीला घातलं तर पाचवीपासून बारावीपर्यंत मुलींना एसटीचा पास फुकट आहे आणि मामासाहेब जगदाळ्यांनी बार्शीत उभ्या केलेल्या संस्थेत गरिबाची पोरं शिकून कुठल्या कुठं गेली. हा मुद्दा बिनतोड होता. पण दादांचा खरा मुद्दा चहाच्या दुसऱ्या फेरीला बाहेर आला.

“ती बाई बघितली का? नवरा न्हाई, पोर न्हाई, कुणाची भीती न्हाई. हजार पोरी, शंभर मास्तरणी, सगळा कारभार एकटीच्या हातात. बापमाणसाला तोंडात काय म्हणून विचारती! रोज असली बाई डोळ्यापुढं असल्यावर पोरगी उद्या म्हणली, मला लग्नच नको, मला असं व्हायचंय, तर?”

बैठकीला कोडं पडलं. स्कर्टची लांबी, रिबिनी, बंद फाटक, मेंदी नाही, मुलगे नाहीत, इतकं सगळं सोवळं तपासून झालं; आणि त्या सोवळ्याच्या मधोमध, किल्ल्यांचा जुडगा लावून, वैरागानं आजवर पाहिलेली सर्वांत मोकळी बाई बसली होती. तिला कुणी ‘लग्नाचं काय ठरलं’ विचारत नाही. रात्री कुठं होतीस विचारत नाही. पगार कुणाच्या हातात देतेस विचारत नाही. हे तिनं कुठल्याही चळवळीत जाऊन मिळवलेलं नाही, पहाटे पाचला उठून आणि माळ ओढून मिळवलेलं आहे. अर्थात तिच्याही मानेवर रोमपर्यंत जोखड आहे, हे लेकीनं विचारून घेतलंच होतं. पण तिनं सांगितलेल्या सगळ्या पायऱ्यांवर बायाच बसलेल्या आहेत, एवढं तरी दादांना झोंबायला पुरेसं होतं.

तेव्हा ही पहिल्यांदा बैठकीत बोलली. चहाचे कप गोळा करता करताच बोलली, कारण आमच्याकडं बाईचं मत हात रिकामे असताना ऐकलं जात नाही. म्हणाली, “शिस्त आपल्या घरात चार शाळांना पुरून उरंल. आठच्या आत घरात, केस बांध, मोठ्यानं हसू नको, गॅलरीत उभी राहू नको. शाळेच्या डायरीत बारा नियम आहेत, आपले कधी कुणी मोजलेत? त्यासाठी पुण्याला फी भरायची गरज न्हाई. इंग्रजी बार्शीतबी मिळंल. आपल्याकडं काय न्हाई, तर ती बाई न्हाई. घालायची तर त्या बाईसाठी घालायची.”

यावर कुणाजवळ कलम नव्हतं.

मी माझी संमती दिली. घटनेत तरतूद असल्यामुळं ती कुणाला नाकारता आली नाही. लेक जूनपासून हडपसरला जाणार. अटी तीन. प्रार्थनेला उभं राहायचं, हात जोडायचे आणि पाहिजे त्या देवाचं नाव घ्यायचं. विठ्ठलाचं घेतलं तरी येशू रागावणार नाही, असं आईनं परस्पर दोघांच्याही वतीनं सांगून टाकलं. दर रविवारी आत्याकडून आजीला मराठीत पत्र लिहायचं, ऱ्हस्व-दीर्घ गुरुजी तपासतील. आणि वर्षानं पुन्हा बैठक. तिला आवडलं नाही तर बार्शीचा फुकट पास आहेच. त्या बैठकीत लेकीलाही एक मत. दादांनी अर्ध्या मतावर तडजोड सुचवली, ती फेटाळली गेली.

बैठक उठता उठता बाहेर मोटारसायकलचा फटाक्यासारखा आवाज झाला. दादांचे चिरंजीव. नववीत, लायसन नाही, नंबरप्लेटवर नंबर नाही, आणि वेळ शाळेची. गेल्या वर्षी तो किती दिवस वर्गात आणि किती दिवस स्टँडवर होता, हे शाळेपेक्षा टपरीवाल्याला नीट ठाऊक आहे. त्याच्यासाठी आमच्या घरात कधी बैठक झाल्याचं मला आठवत नाही.

आईनं दाराकडं बघितलं आणि वकिलाला विचारलं, “पोरांसाठी नसतीत का रे असल्या कडक शाळा? राखंच्या, माळंच्या?”

“आहेत की,” वकील म्हणाला. “पुण्यातच सेंट व्हिन्सेंट्स आहे. जेझुइट फादरांची. १८६७ ची.”

“मग ह्याचाबी फॉर्म आन.”

दादा ताडकन उठले. “आई, काय बोलतीस! तितं केस कापायला लावत असतील. गाडी आणू देणार न्हाईत. सकाळी आठला फाटक बंद. पोरगं कोंडून मरंल माझं!”